पक्का रंग

माझ्याकडे माणूस येत नाही,
कापसाच्या बोळ्याएवढा त्याचा ऐवज येतो:
नळीत उभी काडी, चिकटपट्टीवर नंबर एकशे त्र्याऐंशी,
आणि हिप्परगी मॅडमचं घाईतलं अक्षर,
'डावी पोटरी. पू. साखर वाढलेली. लवकर.'

पण ह्या एकशे त्र्याऐंशीला मी पाहिलं होतं.
काडी आणायला वर गेले तेव्हा
टेबलावर पाय पसरून बसला होता यादगिरी चिलवेरी,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात चार माग एकटा बघणारा.
"खाजलं की ओ, खाजवलो.
मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली, चार दिवस गार वाटलं,
मग आतनं पेटलं."

मॅडम बोलल्या नाहीत. आधी नुसत्या बघत राहिल्या,
जसं कापडाचा ठाण उजेडात धरून दोष शोधतात.
मग हाताची पालथी बाजू ह्या पोटरीला, त्या पोटरीला.
अंगठ्यानं दाबलं. खळगा भरायला किती वेळ लागतो, मोजलं.
जांघेत गाठ चाचपली.
हुडहुडी? घरात अजून कुणाला फोड?
टॉवेल वेगळा की एकच?
तो हसला. "दिवसाला चारशे टॉवेल काढतो, मॅडम.
घरात एकच है."

मग त्यांनी बॉलपेन काढलं
आणि लालीच्या काठाकाठानं रेघ ओढली,
गावाची शीव आखावी तशी. शेजारी वेळ लिहिली, अकरा चाळीस.
"लाली ह्याच्या बाहेर गेली तर
रात्र बघू नका, या."

खाली माझं काम.
काचेवर पुसट लेप, ज्योतीवरून तीनदा.
जांभळा रंग ओतला, एक मिनिट.
आयोडिन, एक मिनिट.
मग स्पिरिट, आणि इथं श्वास धरायचा:
दोन थेंब जास्त झाले तर खरा रंगही जातो.
माझे वडील रंगखात्यात होते, नखं कायमची निळी.
म्हणायचे, रंग चढला म्हणून खुश होऊ नकोस,
धुतल्यावर काय उरतं ते सांग.

उरलं.
तेलाच्या थेंबाखाली, भिंगाच्या तळाशी,
जांभळ्या गोळ्यांचे घोसच्या घोस,
नान्नजच्या मळ्यात छाटायच्या आधी लटकतात तसे.
साखळ्या नव्हत्या, म्हणजे तो दुसरा नव्हे.
सुंदर होतं. कुणाला सांगायची सोय नाही,
पण सुंदर होतं.

मेंढीच्या रक्ताच्या लाल बशीत काडी फिरवून
पेटीत ठेवली सदतीसवर.
बाहेर त्रेचाळीस होतं.
एवढी माफक ऊब मे महिन्यात
आमच्या गावात पेटीतच मिळते.

सकाळी बशीत सोनेरी ठिपके.
त्यातलेच दुसऱ्या, फिक्या बशीत पसरले,
वर औषधांच्या चकत्या, आणि पुन्हा एक रात्र.

इकडे यादगिरीची लाली
रेघ ओलांडून दोन बोटं पुढे गेलेली.
मॅडमनी पुवाला चीर देऊन वाट केली,
सुई बदलली, अंदाजानं,
आणि खाली फोन केला: "काय दिसतंय?"
"उद्या," मी म्हटलं. ह्या एका शब्दाची
मला दर वेळी लाज वाटते.

उद्या दिसलं.
पहिल्या गोळीच्या चकतीला ते अगदी खेटून उगवलेले,
जणू तिथं काही ठेवलंच नव्हतं.
दुसरीभोवती मात्र स्वच्छ, रिकामं वर्तुळ.
पट्टी लावली: चोवीस मिलिमीटर.
बदललेली सुई हीच होती.
एका माणसाचा पाय चोवीस मिलिमीटर मोकळ्या जागेत
मावतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आठवड्यानं तो जिन्यात भेटला, ड्रेसिंग करून उतरताना.
लाली आटून आत सरकलेली, कातडीला कोंडा,
आणि दूर वर, कोरड्यात, निळी रेघ एकटीच,
पाणी नसलेल्या तलावाच्या काठासारखी.
"पुसू का आता?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, मॅडमना विचारा.

मग पिशवीतून त्यानं तीन टॉवेल दाखवले,
कोपऱ्यांना दोऱ्याच्या गाठी:
एक गाठ, दोन गाठी, तीन.
"सेकंड माल है," म्हणाला. "पण रंग पक्का."
मी नकळत एक कोपरा
बोटात धरून चोळून बघितला.